नीरेचा पत्ता

दिवाळीच्या सुट्टीत परदेशवारी करण्याची चाल आता आपल्या दादर-गिरगावात चांगली रुळली आहे. एके काळी माथेरान नाहीतर महाबळेश्वर गाठले की मध्यमवर्गीयांच्या हौसेची सीमा होई. आता शेजारच्या बिऱ्हाडातली मंडळी चकलीचा डबा बरोबर घेऊन रोमला जातात आणि पाडव्याची ओवाळणी तिथल्या हॉटेलात उरकतात. याबद्दल माझी तक्रार मुळीच नाही. पण परत आल्यावर ऐकावी लागणारी प्रवासवर्णने मात्र अलीकडे बदलली आहेत. पूर्वी इटलीहून आलेला मनुष्य मायकेलअँजेलो आणि पिसाचा कललेला मनोरा यांवर तासभर बोलत असे, आणि आपण निमूटपणे ऐकत असू. हल्ली तो वाइनवर बोलतो. तीही साधी वाइन नव्हे, ‘नैसर्गिक’ वाइन! फ्लॉरेन्सच्या कुठल्याशा बोळात, चार टेबले मावतील एवढ्याशा जागेत ती कशी मिळाली, ते दुकान शोधण्यात दोन संध्याकाळी कशा खर्ची पडल्या, आणि पहिलाच घोट किंचित आंबट, किंचित गढूळ, जिभेला हलकेच चुरचुरणारा असा कसा लागला, हे सगळे तो इतक्या तन्मयतेने सांगतो की ऐकणाऱ्याला आपण आजवर नुसते पाणी पिऊन जगलो याची लाज वाटावी.

ही नैसर्गिक वाइन म्हणजे काय, ते मी जरा समजून घेतले. द्राक्षाच्या सालीवर किण्व मुळातच वस्ती करून असते. द्राक्षे चुरडली की ते किण्व रसातली साखर खाऊ लागते आणि रस आपोआप आंबतो. बहुतेक कारखानदार यावर विसंबून राहत नाहीत. ते पाकिटातले किण्व घालतात, गंधकाचे क्षार घालतात, रस गाळून चकचकीत करतात, म्हणजे दरसाल एकाच चवीची बाटली निघते. नैसर्गिक वाइनवाले यातले काही करीत नाहीत, किंवा अगदी नाममात्र करतात. इटलीच्या ईशान्य टोकाला ओसलाविया गावी योश्को ग्राव्नर नावाचे गृहस्थ आहेत. त्यांनी नवी यंत्रसामग्री बाजूला सारून जॉर्जिया देशातून मातीचे मोठाले रांजण आणवले, ते जमिनीत पुरले आणि त्यांत रस आंबवायला सुरुवात केली. जॉर्जियाच्या या रांजणपद्धतीला युनेस्कोने २०१३ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत मानाचे स्थान दिले. फ्रान्सने २०२० साली अशा वाइनसाठी नियम ठरवून वेगळी ओळखही देऊ केली. मातीचे भांडे, झाडाचा रस, हवेतले किण्व आणि वरून काहीही न घालणे, इतकाच काय तो या शास्त्राचा अर्क!

आता वाचकहो, हे वर्णन आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत नाही काय? किंचित आंबट, किंचित गढूळ, फसफसणारी, मडक्यात धरलेली आणि झाडावरून उतरल्यावर आपल्या आपण आंबणारी! फ्लॉरेन्सचे तिकीट काढण्याआधी आपल्या पणजोबांना विचारता आले असते, तर त्यांनी हे पेय गिरगावातच दाखवले असते. मात्र त्याचे नाव त्यांनी आवाज खाली आणून सांगितले असते. ताडी, माडी आणि शिंदी.

ताडापासून ताडी, माडापासून माडी आणि शिंदीच्या झाडापासून शिंदी. इतका सरळ व्युत्पत्तीचा धडा वर्गात शिकवायला क्वचितच मिळतो. साहेबाने या ‘ताडी’ची ‘टॉडी’ केली, आणि पुढे स्कॉटलंडात ऊन पाणी घातलेल्या व्हिस्कीला तेच नाव चिकटले. म्हणजे आपला शब्द विलायतेला जाऊन प्रतिष्ठित झाला, आणि घरी राहिलेला बिचारा बदनाम झाला.

मुंबई मुळात वाड्यांची आणि झाडांची. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी ही नावे आज चार मजली चाळींच्या भिंतींवर लिहिलेली आढळतात, पण ती मुळात झाडांची नावे आहेत. ताडदेवच्या नावात ताड उभाच आहे, आणि माजगावातही एक ताडवाडी आहे. गिरगावापासून माहीमपर्यंत माडांच्या बागा होत्या. त्यांच्या मुळाशी मासळीचे खत घालीत, आणि त्या वासाने नवखा साहेब हैराण होई, अशी वर्णने सतराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी लिहून ठेवली आहेत. या झाडांवर चढणारे ते भंडारी. कोळी आणि आगरी यांच्याबरोबरीने या बेटांचे जुने रहिवासी. माजगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीने त्यांचे नाव अजून जपले आहे. सतराव्या शतकात गव्हर्नर ऑंजिअरने शहराच्या रखवालीसाठी जे पथक उभारले, त्यात मोठा भरणा भंडाऱ्यांचा होता. दिवसा माडावर आणि रात्री पहाऱ्यावर अशी ही माणसे होती.

पुढे १८९६ सालची प्लेगची साथ आली. १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते पडू लागले. बागांच्या जागी हिंदू कॉलनी आली, शिवाजी पार्क आले. ज्या जागेवर आपण आज दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कंदील टांगतो, तिथे त्याच उंचीवर कधीकाळी कुणी कमरेला कोयती खोचून मडके उतरवत असेल. तरी झाडे गेली ती केवळ इमारतींमुळे असे म्हणता येत नाही. झाडांआधी धंदा गेला होता, आणि तो कायद्याने गेला.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला. रस काढायच्या प्रत्येक झाडावर कर बसला, परवान्याशिवाय झाडाला हात लावता येईना. मोहाची दारू मोठ्या भट्ट्यांत एका ठिकाणी गाळली की सरकारला तिचा हिशेब ठेवणे सोपे जाते. उरणच्या भट्ट्यांतून ती पिंपांनी बाहेर पडे. पण हजारो झाडांवर टांगलेल्या हजारो मडक्यांचा हिशेब कोण ठेवणार? म्हणून झाडावरचा कर चढत गेला आणि सौम्य ताडी महाग झाली. भंडाऱ्यांनी अर्ज केले, गाऱ्हाणी मांडली, पण तिजोरीला कान नसतात. गरिबाच्या हातातले हलके पेय काढून घेऊन तिथे कडक दारू देण्याचे काम सरकारी महसुलाने केले, हा इतिहास मद्यपानावर प्रवचने देणाऱ्यांनी अधूनमधून आठवावा.

स्वराज्याची वाट निराळी होती. १९३९ सालच्या १ ऑगस्टला काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग केला. तो अल्पायुषी ठरला. मग १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य कोरडे झाले. या बंदीमागे चांगला हेतू नव्हता असे कोण म्हणेल? परळ-लालबागच्या चाळींत पगाराच्या संध्याकाळी घरी काय पोचते आणि गुत्त्यावर काय राहते, याची धास्ती ज्या बाईने घेतली असेल तिला नैसर्गिक किण्वाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण बंदीने ताडी आणि गाळलेली दारू एकाच तराजूत तोलली. ताडीत शेकडा चार-पाच भाग मद्यार्क असतो, आणि ती लपवून ठेवता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिचा शिरका होतो. लपवता येते ती हातभट्टीची. त्यामुळे माडावरचे मडके खाली आले आणि गल्लीतली भट्टी पेटली. ‘नवटाक’ हे आपल्या आजीचे दूध-तेल मोजायचे माप. बंदीच्या काळात मुंबईच्या बोलीत ते चोरट्या दारूचे नाव होऊन बसले. भाषा अशा वेळी सरकारी अहवालाहून अधिक खरे बोलते. १९६३ नंतर बंदी हळूहळू सैल झाली. कायदा मात्र आजही आहे, आणि पिणाऱ्याने परवाना घ्यावा असे तो आजही बजावतो.

या सगळ्या पडझडीतून एक गोष्ट वाचली, ती नीरा. झाडातून नुकता पाझरलेला, न आंबलेला रस. कायद्याने तिची स्वतंत्र व्याख्या केली आणि तिच्या विक्रीला वेगळा परवाना ठेवला. गांधीजींनी नीरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार केला होता. ताडी बंद झाली तर झाडावर चढणाऱ्याचे पोट कशावर चालावे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पुढे १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग निघाला आणि हे काम त्याच्या पदरात आले. आपल्यापैकी अनेकांनी दादरला, चर्नी रोडला किंवा आणखी कुठल्या स्टेशनाबाहेर ‘नीरा’ अशी पाटी लावलेले लहानसे दुकान पाहिले असेल. पाहिले असेल म्हणतो, कारण आपण बहुतेक जण त्यासमोरून पुढे जातो. शिंदीच्या झाडाखाली बसून ताक प्यायले तरी लोक ताडीच म्हणतात, ही म्हण आपल्या पायांना आजही घाई करायला लावते. कॉलेजच्या कुणी विद्यार्थ्याने पाहिले तर? सोसायटीच्या चिटणीसांनी पाहिले तर? आणि हेच गृहस्थ फ्लॉरेन्सच्या बोळातल्या गढूळ पेल्याचे चित्र सगळ्या नातेवाइकांना पाठवतात!

आपली मद्याविषयीची भीती कुठून आली हेही पाहण्याजोगे आहे. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले आणि मराठी घरांत मद्यपी म्हटला की सुधाकर डोळ्यांपुढे उभा राहू लागला. पण हा सुधाकर वकील, आणि त्याचे ‘आर्यमदिरामंडळ’ सुशिक्षितांचे. त्याचा प्याला काही कुणा भंडाऱ्याने माडावरून उतरवून दिला नव्हता. दोष बाटलीचा आणि बदनामी मडक्याची, असा न्याय आपण तेव्हापासून करीत आलो.

असो. चांगली नीरा कशी शोधावी, हा खरा प्रश्न. फ्लॉरेन्समध्ये दुकानाचा पत्ता मिळाला की काम झाले, कारण बाटली वर्षानुवर्षे थांबते. नीरेच्या बाबतीत पत्त्याआधी घड्याळ पाहावे लागते. रस झाडातून बाहेर येतो तेव्हा त्यात शेकडा दहा ते पंधरा भाग साखर असते, आणि हवेतले किण्व तिच्यावर त्याच क्षणी तुटून पडते. आंबणे थांबवण्यासाठी मडक्याला आतून चुन्याचा हात देतात. मडके रात्री टांगायचे आणि उजाडण्यापूर्वी उतरवायचे. ऊन चढले की नीरेची ताडी व्हायला फार वेळ लागत नाही. बर्फात ठेवली तर ती आणखी काही तास दम धरते, पण तिचे तारुण्य सकाळचेच. म्हणून पहिला नियम असा की सकाळी लवकर जावे. दुसरा नियम ऋतूचा. थंडी पडू लागली की शिंदीचा रस चांगला, आणि थंडी सरून उन्हाळा लागला की ताडाचा. तिसरा नियम विचारण्याचा. ‘रस कुठल्या झाडाचा? कुठून आला? केव्हा उतरला?’ एवढे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. ज्याला उत्तरे ठाऊक आहेत तो आनंदाने सांगतो. ज्याला नाहीत तो ‘प्यायची तर प्या’ म्हणतो, आणि मग आपण पिऊ नये. शेवटी पेला नाकाशी धरावा. ताज्या नीरेला कोवळ्या शहाळ्यासारखा, किंचित गुळचट वास येतो. फेस धरला असेल, आंबूस वास सुटला असेल, तर ती नीरा राहिली नाही असे समजून पेला खाली ठेवावा.

हे नियम मी पुस्तकात वाचले होते, पण ते पटले गेल्या हिवाळ्यात. पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ, एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी मुक्कामाला होतो. २०१३ पासून लोकल थेट डहाणूपर्यंत जाऊ लागली, तेव्हा दादरकराला हा प्रवास तसा घरचाच. पहाटे विद्यार्थ्याने उठवले आणि वाडीच्या कडेला नेले. साठीच्या घरातले एक गृहस्थ पायांत दोराचा फास अडकवून शिंदीवर चढत होते. वर जाऊन त्यांनी खाचेचा पातळसा पापुद्रा कोयतीने तासला, भरलेले मडके उतरवले, आणि खाली येऊन फडक्यातून रस गाळून माझ्या हाती दिला. थंडगार, गोड, आणि घशातून उतरताना झाडाची आठवण देणारा.

‘काका, रोज किती झाडे चढता?’ मी विचारले.

‘आता पंधरा-वीस. आधी चाळीस चढायचो.’

‘मुलगा येतो का मदतीला?’

‘तो बोईसरला कंपनीत जातो. बरं आहे त्याचं. झाडावरनं पडला तर कंपनी बघते का, सर? पण ती निदान खाली आहे.’

मग त्यांनी मला खाच दाखवली. किती खोल तासायची, किती दिवसांनी झाडाला विसावा द्यायचा, ओरबाडले तर झाड कसे वाळते, हे सांगितले. माडाची पोय असेल तर ती कशी बांधायची, रोज हलक्या हाताने कशी ठोकायची, म्हणजे फुलांऐवजी रस झरतो, तेही सांगितले. ते सगळे ज्ञान त्यांच्या हातात होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. मी शिक्षक माणूस. एखादी विद्या शिष्य नसल्यामुळे संपताना पाहणे मला इतरांहून थोडे जास्त लागते.

२०२० साली खादी आयोगाने डहाणूला दोनशे कारागिरांना नीरा काढायची अवजारे वाटली. चांगले झाले. परंतु कोयती देता येते, चढणारा देता येत नाही. तो तेव्हाच चढतो, जेव्हा खाली उभा असलेला मनुष्य त्याच्या मालाला योग्य दाम आणि त्याच्या धंद्याला योग्य मान देतो. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यावी असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ उठला! वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर घरोघरी वाद झाले. द्राक्ष-बागायतदाराचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. शिंदीवर चढणाऱ्याचे नाव त्या वादात मी तरी ऐकले नाही.

आणि त्याने चढणे सोडले म्हणजे ताडी संपते असेही नाही. मागणी राहतेच, रस मात्र आटतो, आणि मग पाण्यात साखरेची नक्कल आणि गुंगी आणणारी क्लोरल हायड्रेटची पूड मिसळून ‘ताडी’ तयार होते. असे साठे पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून पुनःपुन्हा येतात. ते विष पिणारा बहुधा हातावर पोट असलेला माणूस असतो. तिकडे युरोपातला शौकीन भेसळ नसलेल्या घोटासाठी बोळ धुंडाळतो, आणि इकडे झाडाचा निर्भेळ रस सोडून आपण गरिबाला पुडीतली गुंगी मिळू देतो.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मास्तर ताडीचा प्रचार करतात. तसे नाही. ज्याला प्यायची नाही त्याने ती पिऊ नये, मीही पीत नाही. पण ज्यांच्या नाकाला तिचा वास सहन होत नाही, त्यांच्या पोटात ती कधीच गेली आहे, हे त्यांच्या कानावर घालावेसे वाटते. गोव्याच्या पोदेरांनी पाव करायला घेतला तेव्हा पिठात किण्व म्हणून माडाची सूर घातली. सान्ने फुगतात तेही तिच्यावर. गिरगावच्या खोताच्या वाडीत आणि वसईत ईस्ट इंडियन घरांतून सणाला होणारे फुगे जुन्या रीतीने ताडीवरच फुगत. ज्या पावावर आपल्या वडाची आणि मिसळीची सत्ता चालते, त्या पावाची आजी माडावर राहत होती. तिचे नाव घ्यायला एवढा संकोच कशाला?

तेव्हा यंदा एक करून पाहा. वर्षातून एकदाच, नरकचतुर्दशीला, आपले अवघे मध्यमवर्गीय कुटुंब सूर्योदयापूर्वी उठून बसते. एरवी आठ वाजता डोळे चोळणारी मुलेही त्या दिवशी उटणे लावून, कारीट फोडून तयार असतात. फराळाला अजून अवकाश असतो. नीरा शोधायची नेमकी हीच वेळ. मुलांना घेऊन बाहेर पडा. जवळपासच्या स्टेशनाबाहेर दुकान असेल तर पाहा. नसेल तर सुट्टीत एक दिवस डहाणूची गाडी धरा. तीन प्रश्न विचारायला विसरू नका. मुलांना झाडाचे नाव सांगा, आणि जमले तर झाडही दाखवा. पेला रिकामा झाल्यावर विक्रेत्याला ‘रस चांगला होता’ एवढे सांगून या. तो निरोप पुढे झाडापर्यंत पोचतो.

आणि ओळखीचे कुणी समोरून आले, तर पेला लपवू नका. फार तर त्यांना सांगा, फ्लॉरेन्सला असेच देतात.